जनाच्या गाडीतलं खोबरेल

“वयनी, रेस उतरत न्हाय,” तू म्हणालास. मी मोटरसायकलवर तुझ्या मागे बसून विचारलं, “म्हंजे?”

अंबाडी नाका मागे पडला होता. पुढे उताराचं वळण होतं. रस्त्याच्या कामासाठी कुणी वळणाच्या कडेला खडी ओतली होती, ती पसरून निम्म्या रस्त्यावर आली होती. तू रेसची मूठ पुढे फिरवून पूर्ण बंद केलीस, हे मी तुझ्या खांद्यावरून पाहिलं. गाडी ऐकेना. तू क्लच दाबलास तसं इंजिन बोंबलायला लागलं. पायाने ब्रेक दाबत तू उजवा हात चावीकडे नेलास, आणि पुढचं चाक खडीवर गेलं.

मी वालाच्या शेतात पडले. भात काढून वाल पेरलेलं खाचर होतं, माती भुसभुशीत होती. तू मोरीच्या दगडी कठड्यावर पडलास.

मी उठून बसले तेव्हा गाडी आडवी पडून चालूच होती. मागचं चाक फिरत होतं. मी म्हणाले, “जना, ऊठ.” तुला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने म्हणाले. तू उठला नाहीस म्हणून आणखी मोठ्याने म्हणाले. मग सरकत तुझ्याजवळ आले, तुझ्या डोक्याखाली हात घातला आणि पुन्हा हाक मारली नाही. एका टेम्पोवाल्याने थांबून गाडीची चावी फिरवली. तू जिच्यापर्यंत पोचला नाहीस, ती चावी.

त्याला आज बारा दिवस झाले. माझ्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं आहे. उजवा हात चांगला आहे, म्हणून लिहिते आहे. उद्या तुझं तेरावं. जेवायला बसायच्या आधी मी हे सगळ्यांसमोर वाचणार आहे. तुला आधी सांगते, कारण गुन्हा तुझा केला आहे.

लोक म्हणतात, जनाने स्वतःचा जीव घालवला. बहिरा माणूस, म्हातारपण, त्यात ती थोरल्या भावाच्या वेळची गाडी. हौस नडली. माझी लेक सुरेखा काल्हेरहून आली ती रडत हेच म्हणाली, “काकाला किती वेळा सांगितलं, ती गाडी विका. म्हातारीला मागं बसवून न्यायची काय गरज होती?” मी तिथेच बसले होते. गप्प बसले. पोलीस दवाखान्यात आला होता. त्याने विचारलं, “आजी, गाडीत काही बिघाड होता का?” मी म्हणाले, “गाडी जुनी होती.” त्याने तेवढंच लिहून घेतलं. गाडी जुनी होती हे खरं आहे, पण त्याने ते विचारलं नव्हतं.

गाडीच्या मुठीपासून इंजिनकडे जाणाऱ्या रेसच्या केबलमध्ये खोबरेल मी घातलं होतं, जना. तू तेल आणायला गेला होतास तेव्हा. तुला सांगितलं नाही.

आता नीट सांगते.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू, माझा धाकटा दीर, सात वर्षांचा होतास. सासू आजारी होती, म्हणून तुला न्हाऊ घालायचं काम पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आलं. तू साबण डोळ्यात गेला की चावायचास. माझ्या मनगटावर खूण होती, ती आता सुरकुत्यांत गेली. मी चौथी पास होते, तू पहिलीत. पाटीवर तुझा हात धरून अक्षरं मी गिरवून घेतली. तुझा ‘ज’ शेवटपर्यंत माझ्या ‘ज’सारखा राहिला. रेशनच्या कागदावर सही केलीस की मला माझीच सही दिसायची.

मोठा होऊन तू भिवंडीत लूमवर लागलास आणि जॉबर झालास. बिघडलेली लूम सुधारून देणं हे तुझं काम. तिथल्या खडखडाटात तुझे कान गेले. पण कानाला ऐकू येत नव्हतं ते तुझ्या तळहाताला कळायचं. लूमवर हात टेकवून तू सांगायचास, कुठे काय सैल झालं आहे. घरी पाण्याची मोटर, सुरेखाचा मिक्सर, माझं दारावरचं कडीकुलूप, सगळ्यावर तू आधी हात ठेवायचास, मग पान्याला हात लावायचास. असा माणूस बेफिकीर असतो का? उद्या जेवायला येणाऱ्यांना हे विचारायचं आहे.

तुझा दादा, माझा नवरा, गेला तेव्हा लोकांनी तुला सांगितलं, आता लग्न कर, वेगळा हो. काल्हेरची एक मुलगी मीच बघून आले होते. तू नाही म्हणालास. मी कारण विचारलं, तर म्हणालास, “तिला लूमचा वास सोसणार न्हाय.” मला ते कारण पटलं नव्हतं. पण मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण तू राहिलास तर माझी सोय होती. सुरेखा शाळेत होती. घरात पुरुष माणूस हवा होता. मी स्वार्थीपणाने गप्प राहिले, आणि पुढे लोकांना सांगत राहिले की जनाला लग्नात रस नाही. आता तुझ्यासाठी रडायला बायको नाही, पोर नाही. समाचाराला येणाऱ्या बायका दारात थांबून बघतात, कुणाच्या गळ्यात पडायचं. मग माझ्याजवळ येऊन विचारतात, “खांदा कसा हाय?”

खांदा बरा होईल. डॉक्टर तसं म्हणाले.

गाडी दादाची. तो गेल्यावर ती गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होती. लूम बंद होऊन भंगारात गेली आणि तू घरी बसलास, तेव्हा तू ताडपत्री काढलीस. शेतात गोदामं उभी राहिली, आपल्या अंगणाच्या कुंपणापलीकडून कंटेनर जायला लागले, आणि तू मात्र अंगणात पोतं अंथरून त्या गाडीचे नट मोजत बसायचास. मला राग यायचा. एकदा मी म्हणाले, “घरात एक तर ही गारी राहील, न्हाय तर मी.” तू मान वर न करता म्हणालास, “मग तू कवा जातेस?” मी हसले नाही. तू हसलास. त्यानंतर आपण त्या गाडीवरून वीसेक वर्षं भांडलो आणि त्याच गाडीवरून वीसेक वर्षं वज्रेश्वरीला गेलो.

वज्रेश्वरीला जायचं ते माझ्या गुडघ्यांसाठी. पौष महिन्यात थंडी गुडघ्यात शिरली की मला कुंडाच्या गरम पाण्यात बसायला लागतं. तू बाहेर पायरीवर माझा टॉवेल आणि चपला घेऊन बसायचास. बायका हसायच्या. एक म्हणाली, “म्हातारा लय जपतो हो बायकोला.” मी म्हणाले, “नवरा न्हाय, दीर हाय.” ती जास्तच हसली. तुला ऐकू गेलं नव्हतं. तू विचारलंस, “काय म्हनली?” मी सांगितलं, “म्हनली, याला घरी काय काम नसंल.” तुला ते पटलं.

यंदा दिवाळीनंतर गाडीची मूठ कडक झाली. फिरवली की जड जायची आणि सोडली की पूर्ण मागे यायची नाही. तू ती सलीमकडे नेलीस. सलीम म्हणजे आपला नाक्यावरचा मेकॅनिक, त्याचा बाप तुझ्याबरोबर लूमवर होता. त्याने नवी केबल घातली. मी तेव्हा तिथे बाकावर बसले होते, म्हणून मला माहीत आहे. सलीम म्हणाला, “जना भाई, नई केबल डाल दी, काम खतम. अब चाची को घुमाओ.” तू गाडी चालू केलीस आणि उभ्या गाडीचं हँडल पूर्ण डावीकडे वळवलंस. मुठीला हात न लावता इंजिनचा आवाज चढला. तू ते ऐकलं नाहीस, टाकीवर हात ठेवून ओळखलंस. म्हणालास, “ये देख. केबल छोटी है. मोड़ पे खुद भागेगी.” सलीम म्हणाला, “इतना तो चलता है, भाई.” तू म्हणालास, “पीछे वयनी बैठती है.” आणि ती नवी केबल तिथेच काढून ठेवलीस.

हे मी ऐकलं आहे. सलीमने ऐकलं आहे. उद्या ज्याला म्हणायचं असेल की जना हौशी आणि निष्काळजी होता, त्याने सलीमला विचारावं.

मग तू जुनीच केबल सुधारायला घेतलीस. आधी मूठ उतरवलीस, आतल्या नळीवरचा गंज पुसलास. मग कार्बोरेटर उघडून आतली वरखाली होणारी स्लाइड रॉकेलने साफ केलीस. मी विचारलं, “पत्रा घासायचा कागद देऊ?” तू म्हणालास, “घासायचं न्हाय, पुसायचं. घासला की कायमचा सैल.” दोन दिवस गेले. मी मात्र रोज टोचत होते. पौष निम्मा गेला, गुडघे धरले, तुझी गारी काय या जन्मात होत नाही. तू म्हणालास, “सुरेखाबरोबर रिक्षानं जा.” मी म्हणाले, “ती कुंडात उतरली तरी फोन कानाला असतो. माझी चप्पल कोन सांभाळनार?”

तिसऱ्या दिवशी दुपारी केबल धुऊन झाली होती, फक्त तिला तेल पाजायचं राहिलं होतं. तू पडवीतल्या खुंटीला केबल उभी टांगलीस आणि मला म्हणालास, “वयनी, भाकरीचं पीठ दे थोरा.” मी तांदळाच्या पिठाचा घट्ट गोळा मळून दिला. तू केबलच्या वरच्या तोंडाभोवती त्याची वाटी केलीस, छोट्या नरसाळ्यासारखी. त्यात शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब घालायचं आणि ते आतून उतरून खालच्या टोकाला दिसेपर्यंत वाट बघायची. तुझी ही पद्धत. लूमवर शिकलास की स्वतः काढलीस, मी कधी विचारलं नाही. तेलाची बाटली निम्म्यातच संपली. तू म्हणालास, “नाक्यावरून आनतो. तवर पीठ सुकू देऊ नको, पान्याचा हात लाव.”

तुला तासभर लागला. मी दोनदा पाण्याचा हात लावला. वाटी रिकामी झाली होती. खाली टोकाला काहीच आलं नव्हतं. पीठ कडेने तडकायला लागलं. मला वाटलं, हे फुटलं की हा पुन्हा पहिल्यापासून करणार, पुन्हा उद्यावर जाणार. मला उद्या कुंडात बसायचं होतं. आत जाऊन खोबरेलाची बाटली आणली. दुपारचं ऊन होतं, तेल पाण्यासारखं पातळ होतं. वाटी भरली. उतरली की पुन्हा भरली. तिसऱ्यांदा भरली तेव्हा खालून थेंब आला.

आपल्या घरात तेल म्हणजे ते. केसांना ते, पोरांच्या अंगाला ते, कुरकुरणाऱ्या दाराला ते, कापलेल्या बोटाला ते. सासूने मला तेच शिकवलं, मी सुरेखाला तेच शिकवलं. तेल ते तेल. चौथी शिकलेली असो की न शिकलेली, आपल्या गावातली कुठलीही म्हातारी तेच करती. पण कुठल्याही म्हातारीने केलं नाही. मी केलं.

तू आलास. खालचा थेंब बोटांवर घेऊन चोळलास. तुझे हात रॉकेलाने भरले होते, त्यात दुसरा वास काय कळणार? विचारलंस, “उतरला?” मी म्हणाले, “उतरला.” तू मनापासून खूश झालास. नवी बाटली न फोडता कोनाड्यात ठेवलीस. तेव्हा एक वाक्य बोलले असते, जना, तर तू शिव्या दिल्या असत्यास, केबल पेट्रोलने धुतली असतीस आणि पुन्हा पीठ मागितलं असतंस. मला शिव्या नको होत्या. दुसरं काही कारण नाही. या बारा दिवसांत मी मोठं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

केबल बसवल्यावर तू मला अंगणात बोलावलंस. “फिरव,” म्हणालास. मी मूठ फिरवली, सोडली. टप्पकन मागे आली. तू म्हणालास, “बघ, आता सुरेखाची पोर पन फिरवील.” तू इतका आनंदात मला बऱ्याच वर्षांनी दिसलास. मला वाटलं, बरं झालं घातलं ते.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडक थंडी होती. मी केसांना तेल लावायला बाटली घेतली तर आत पांढरा गोळा. दर थंडीत होतो. मी बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी केली, तेल सुटेपर्यंत थांबले, चोपून वेणी घातली. बाहेर तू गाडी काढत होतास. म्हणालास, “वयनी, जरा आखडलीय. तुझ्या गुडघ्यासारखी. चालली की सुटंल.”

माझ्या एका हातात मघाशी गोठलेल्या तेलाची बाटली होती आणि कानात तुझं ते बोलणं होतं. दोन्ही एकदम होतं. माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी म्हणाले, “चल लवकर, ऊन झाला की कुंडावर गर्दी होते.”

मला कुणी विचारलं की तुला या सगळ्यात सगळ्यात जास्त काय लागतं, तर मोरी नाही, खडी नाही. तो तांब्या. मी तो तांब्या माळ्यावर टाकला आहे. पण घरात दुसरे तांबे आहेत आणि सगळे त्याच्यासारखेच दिसतात.

अंबाडी नाक्यावर तू थांबलास. चहा घेतलास. माझ्या ग्लासातला अर्धा बशीत ओतून मला दिलास, मला गरम पिववत नाही म्हणून. मग गाडीशी येऊन मूठ चार वेळा फिरवून पाहिलीस, तळहातात धरून बसलास, ऊब द्यायला. म्हणालास, “मना बरा न्हाय वाटत. तू इथून रिक्षात बस. मी गारी हलू हलू आनतो.” रिक्षा समोर उभी होती. आत दोन बायका बसल्या होत्या, एका माणसाची जागा होती. मी म्हणाले, “एकटी न्हाय जाणार. आलो एवढा, आता काय हाय पुढं?” तू खांदे उडवलेस. तू माझ्याशी वाद घालत नव्हतास असं नाही. पण गुडघ्यांचा विषय असला की तू हरायचास.

माझे गुडघे अजून दुखतात.

आठव्या दिवशी सलीम गाडी टेम्पोत घालून घरावरून चालला होता. सकाळची वेळ होती, थंडी होतीच. त्याला वाटलं, ती परस्पर भंगारात द्यावी, मला बघायला लागू नये. मी टेम्पो थांबवला आणि म्हणाले, “खोल. मेरे सामने खोल.”

“चाची, क्या देखना है? गाडी में अब कुछ नहीं.”

“केबल निकाल.”

त्याने काढली. मुठीकडचं टोक सोडवून आतली तार ओढली. ती सहज येईना. त्याने जोर लावला तेव्हा ती बाहेर आली आणि तिच्यावर पांढरं होतं. मेणबत्तीच्या दोऱ्यावर असतं तसं. सलीमने माझ्याकडे न बघता खिशातल्या फडक्याने घाईघाईने पुसायला घेतलं. म्हणाला, “पुराना ग्रीस है, चाची. जम जाता है.”

मी त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि वास घेतला. ग्रीसला खोबऱ्याचा वास येत नाही. मी म्हणाले, “सलीम, झूठ मत बोल. मैंने डाला था.”

तो उकिडवाच पुढे सरकला. मग त्याने तारेचं एक टोक मला दाखवलं. “ये देखो, चाची. तीन बाल टूटे हैं. तार पुराना था. इससे भी अटक सकता है. खाली तेल से नहीं होता.” तो मला सांभाळून घेत होता की खरं बोलत होता, मला कळलं नाही. त्याचा बाप मेला तेव्हा मी त्याच्या आईला असंच काहीतरी बोलले होते.

मी त्याला विचारलं, “ये तीन बाल जना को दिखे नहीं होंगे?”

त्याने तुटक्या टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “धोते टाइम तार पूरा बाहर निकालते हैं. जना भाई को दिखना चाहिए था.”

म्हणजे दोन गोष्टी झाल्या असतील. एक तर तुला ते तीन तंतू दिसले आणि तू म्हणालास, एक फेरी होईल, वयनी टोचते आहे. नाही तर ते त्या सकाळी, अडकलेल्या तारेला ओढताना तुटले, माझ्या तेलामुळे. दोन्हीकडून मीच येते. मी पुष्कळ फिरवून बघितलं. तिसरी वाट नाही.

गाडी सलीमने नेली. मी म्हणाले, जाऊ दे. आपलं भांडण मी जिंकले, बघ. गाडी गेली आणि मी राहिले. तू विचारलं होतंस, मग तू कवा जातेस. मला माहीत नाही. कुणी रिक्षात जागा दिली तर मी आता नाही म्हणणार नाही.

त्या दिवसापासून मी केसांना तेल लावलेलं नाही. बायकांना वाटतं सुतक आहे म्हणून. सुतक संपेल. बाटली कोनाड्यात आहे, तुझ्या न फोडलेल्या बाटलीशेजारी. सुरेखाने दोन्ही उचलून ठेवायला हात घातला तर मी तिच्यावर ओरडले. ती दचकली. मग तिला सगळं सांगितलं, तुझ्याआधी. मला माफ कर, पण ती समोर होती.

ती ऐकून रडली नाही. म्हणाली, “आई, हे कुणाला सांगू नको. झालं ते झालं. काका परत येणार नाही. लोक तुला नावं ठेवतील.”

मी म्हणाले, “काकाला ठेवतातच.”

“तो ऐकायला नाही.”

“तो होता तेव्हा पण ऐकत नव्हता,” मी म्हणाले. त्यावर तिला हसू आलं आणि मग ती रडली, इतकी रडली की मला एका हाताने तिला धरता येईना. तिला लहानपणी, दादा होता तेव्हा, तूच शाळेत सोडायचास, याच गाडीवरून. या बारा दिवसांत तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. रागावली होती तुझ्यावर. आता माझ्यावर रागावेल. तिचा राग योग्य माणसावर यावा, एवढं तरी मी करू शकते.

तू माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस, जना. पीठ मागितलंस आणि पाण्याचा हात लावायला सांगितलंस. तेवढंच केलं असतं तर पुरे होतं. आयुष्यभर तू जे सांगितलंस त्यापेक्षा मी थोडं जास्त करत आले आणि त्यालाच माया म्हणत आले. तुझ्या डब्यात एक भाकरी जास्त, तुझ्या लग्नाच्या बाबतीत एक निर्णय जास्त, केबलमध्ये तीन वाट्या तेल.

मला देवाकडे काही मागायचं नाही. वज्रेश्वरीच्या पायऱ्या मी पुन्हा चढणार नाही. कुंडाचं पाणी गरम असेल, असू दे.

उद्या मी हे वाचेन तेव्हा मोठ्याने वाचेन. तुझ्याशी बोलायची तीच सवय आहे. मागच्या पंगतीपर्यंत जाईल. कुणी उठून गेलं तर जाऊ दे, कुणी जेवलं नाही तर राहू दे. पण एवढं ऐकून जावं. जनार्दन सांभाळून गाडी चालवायचा. त्याने नवी केबल वळणावर दगा देईल म्हणून काढून टाकली होती, कारण मागे मी बसायचे. त्याच्या केबलमध्ये त्याला न सांगता खोबरेल मी घातलं. रिक्षात बस म्हणाला तेव्हा बसले नाही. गाडीवर आम्ही दोघं होतो. तो गेला. मी वाचले.